५८-६० नंतरही काम: कामगार, मालक आणि घरच्या मंडळींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील लहान-मध्यम कारखान्यांच्या कार्मिक विभागात अनेक वर्षे काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रामुख्याने खाजगी कारखान्यातील कुशल कामगार डोळ्यांसमोर ठेवला असला, तरी बरीचशी माहिती कार्यालये आणि दुकाने यांनाही लागू पडेल. कागदावर सही करण्यापूर्वी आपले नेमणूकपत्र आणि पीएफचे पासबुक समोर घेऊन जाणकार माणसाशी एकदा बोलून घ्यावे.

खाजगी कारखान्यात निवृत्तीचे वय नक्की किती असते?

सर्वांना लागू होणारे एकच वय कोणत्याही कायद्यात नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय १९९८ मध्ये ५८ वरून ६० झाले. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ते आजही ५८ आहे, तर गट ‘ड’च्या कर्मचाऱ्यांसाठी ६० आहे. खाजगी आस्थापनेत मात्र नेमणूकपत्र, युनियनबरोबरचा करार किंवा प्रमाणित स्थायी आदेश (कारखान्याची मंजूर झालेली सेवाशर्तींची नियमावली) यांत जे लिहिले असेल ते वय. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत ६० वर्षे, किंवा करार वा निवाड्याने ठरलेले दुसरे वय, अशी तरतूद राहत आली आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवल्यामुळे लहान कारखान्यात नेमणूकपत्रातील मजकुराला अधिकच महत्त्व आले आहे.

गोंधळ होतो तो येथे. पीएफची पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते, म्हणून नोकरीही ५८ला संपते, असे कामगारही धरून चालतो आणि पुष्कळदा हिशेबनीसही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. नेमणूकपत्रात ६० लिहिलेले असताना ५८ला शाल-श्रीफळ घेऊन घरी गेलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांतील एकालाही आपण दोन वर्षांच्या पगारावर पाणी सोडले याची कल्पना नव्हती. तेव्हा ट्रंकेतले ते जुने पत्र आधी बाहेर काढावे.

५८ पूर्ण झाल्यावर नोकरी चालू राहिली, तर पीएफ आणि पेन्शनचे काय होते?

पीएफला वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे नोकरी चालू असेपर्यंत कामगाराची आणि मालकाची वर्गणी भरली जाते. बदल होतो तो पेन्शन योजनेत. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के रक्कम, १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेत म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये, पेन्शन फंडात जात असते. ५८ पूर्ण झाले की योजनेचे सभासदत्व संपते आणि मालकाचा संपूर्ण हिस्सा पीएफमध्ये जमा व्हायला हवा. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी ही नोंद बदलत नाही, ८.३३ टक्के तसेच पुढे जात राहतात, आणि पेन्शनचा अर्ज केल्यावर चूक उघडी पडून प्रकरण महिनोन्‌महिने अडकते. ५८वा वाढदिवस ज्या महिन्यात येतो, त्या महिन्याची पगारपत्रके करण्यापूर्वी हिशेबनीसाला लेखी आठवण द्यावी.

दहा वर्षांची पात्र सेवा झाली असेल, तर ५८ नंतर नोकरीत असतानाही फॉर्म १०-डी भरून पेन्शन सुरू करता येते. किंवा ती ६० पर्यंत पुढे ढकलता येते आणि ढकललेल्या प्रत्येक वर्षासाठी पेन्शनमध्ये ४ टक्के वाढ मिळते. माझे मत विचाराल तर पगार चालू असेल आणि प्रकृती ठणठणीत असेल तर ढकलावी. मात्र ही पेन्शन मुळातच तुटपुंजी असते. किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि त्यावर ४ टक्के म्हणजे किती, हे प्रत्येकाने आपापले पाहावे.

निवृत्तीच्या वेळी पीएफची सर्व रक्कम काढून घेतली आणि नंतर पुन्हा नोकरी धरली, तर असा कामगार ‘वगळलेला कर्मचारी’ ठरू शकतो, म्हणजे नव्या नोकरीत त्याची पीएफ वर्गणी कापणे मालकावर बंधनकारक राहत नाही. पुढे काम करायचा विचार पक्का असेल तर पैसे काढण्याची घाई करू नये.

ग्रॅच्युइटी आत्ताच घ्यावी की शेवटी?

या प्रश्नाच्या उत्तरावर लाखभर रुपये अवलंबून असू शकतात, म्हणून ते सविस्तर देतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजली जाते: शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. समजा ३० वर्षे सेवा झालेल्या फिटरचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहेत. त्याची ग्रॅच्युइटी ४,५०,००० रुपये होते. आता मालक म्हणाला, “अजून दोन वर्षे राहा, पण पगार ३० टक्के कमी करू,” आणि सेवा खंड न पडता तशीच पुढे चालू राहिली, तर शेवटचे वेतन १८,२०० धरले जाईल आणि ३२ वर्षांची ग्रॅच्युइटी होईल ३,३६,००० रुपये. दोन वर्षे जास्त राबूनही १,१४,००० रुपयांचा खड्डा.

त्यामुळे पगार तोच राहणार असेल किंवा वाढणार असेल, तर सेवा अखंड ठेवणे कामगाराच्या फायद्याचे असते. पगार कमी होणार असेल, तर ठरलेल्या वयाला रीतसर निवृत्ती घ्यावी, जुन्या सेवेची ग्रॅच्युइटी ३० दिवसांच्या आत पदरात पाडून घ्यावी आणि मग नव्या नेमणूकपत्रावर रुजू व्हावे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, म्हणून नवी नेमणूक वर्षभराची असेल तरी ती हिशेबात धरायला सांगावे. याच संहितेने वेतनाची व्याख्याही बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनात मिळवला जातो. नुसत्या ‘बेसिक’वर केलेला हिशेब म्हणूनच एकदा तपासून घ्यावा.

निवृत्त केलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी ‘सल्लागार’ म्हणून घेतले, तर चालते का?

कागदावर चालते आणि सर्रास केलेही जाते. अभियंता किंवा गुणवत्ता तपासणीस खरोखरच महिन्यातून सहा दिवस येऊन, काय करावे ते सांगून जात असेल, तर सल्लागार हे नाव त्याला शोभते. परंतु तोच माणूस त्याच मशीनवर, त्याच पाळीत, तीच हजेरी लावून आणि त्याच सुपरवायझरच्या हाताखाली काम करत असेल, तर वाद झाल्यास न्यायालय व्हाउचरवरचे नाव पाहत नाही, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहते. मालकाने पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) वाचवल्याचा आनंद तेवढ्यापुरताच असतो.

कामगाराच्या बाजूने पाहिले तर सल्लागाराला मिळणारी रक्कम पगार राहत नाही, ती व्यवसायाचे उत्पन्न ठरते. व्यावसायिक शुल्कातून साधारणतः १० टक्के कर आधीच कापला जातो, पगारदाराला मिळणारी प्रमाणित वजावट मिळत नाही आणि भरपगारी रजा, बोनस यांचा तर प्रश्नच येत नाही. हातात येणारा आकडा मोठा दिसतो, म्हणून माणसे फसतात. दोन्ही पर्यायांचे वर्षाचे हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. मशीनवर काम करणाऱ्या कामगारासाठी मुदतीची नेमणूक हाच सरळ मार्ग आहे.

मुदतवाढीचा निर्णय कधी घ्यावा?

निवृत्तीच्या किमान दोन वर्षे आधी. माझ्या अनुभवाने या साऱ्या विषयातील सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी होते. बहुतेक कारखान्यांत मुदतवाढ म्हणजे शेवटच्या आठवड्यात केबिनमध्ये बोलावून केलेली मेहरबानी असते. मेहरबानी केली की अटी लिहून होत नाहीत, काम बदलत नाही, आणि दर सहा महिन्यांनी कामगाराने पुन्हा हात जोडून उभे राहायचे असते. त्याला मान वाटत नाही आणि मालकालाही उपयोग पुरता होत नाही.

एका प्रेस शॉपमध्ये घडलेली गोष्ट सांगतो. टूलरूममधले एक ज्येष्ठ फिटर, सगळे त्यांना नाना म्हणत, ठरल्या दिवशी निवृत्त झाले. हार, घड्याळ, फोटो, सगळे यथासांग झाले. महिनाभरात एका मोठ्या डायमधून, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यातून, येणारे भाग एका बाजूला बर (कडेला राहणारी धातूची कुसळे) धरू लागले. डाय दोनदा खोलली, धार लावली, पुन्हा चढवली, तरी तेच. चौथ्या दिवशी गाडी पाठवून नानांना सातारा जिल्ह्यातल्या गावाहून आणले. त्यांनी प्रेस हळू चालवायला सांगितला, डायच्या कडेला हात टेकून आठ-दहा ठोके ऐकले आणि विचारले, “मागच्या ठोकळ्याखालची पितळी शिम कोणी काढली?” कागदाइतकी पातळ ती पट्टी त्यांनी काही वर्षांपूर्वी बसवली होती. डाय धुताना ती निघाली आणि भंगारात गेली. ड्रॉइंगवर तिची नोंद नव्हती, कारण ड्रॉइंग नानांना कोणी कधी मागितलेच नव्हते. त्या चार दिवसांच्या खोळंब्यात त्यांचा वर्षभराचा पगार सहज निघाला असता.

दोन वर्षे हातात असली की तीन गोष्टी करता येतात. कोणते काम याच माणसाला येते, हे शोधता येते. त्याच्या शेजारी आयटीआयचा एखादा मुलगा बसवता येतो. आणि अंगमेहनतीचा भाग हळूहळू काढून घेऊन तपासणी, दुरुस्ती आणि शिकवणे यांचा वाटा वाढवता येतो. कामगाराला राहायचे आहे की नाही, हेही तेव्हाच विचारावे. शेवटच्या आठवड्यात विचारले तर त्याने गावी घराचे बांधकाम काढलेले असते.

वय झाले की काम मंदावते, हे खरे नाही का?

काही बाबतींत खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जवळचे दिसणे, अंधूक उजेडात बारीक रेघ ओळखणे, गोंगाटात बोललेले ऐकणे, ओझे उचलणे, रात्रपाळीनंतर झोप भरून काढणे, या गोष्टी पन्नाशीनंतर कठीण होत जातात. दुसरीकडे, बिघाड होण्यापूर्वी तो ओळखणे, साहित्य वाया जाऊ न देणे आणि घाबरलेल्या नवशिक्याला सांभाळून घेणे या बाबतींत जुना माणूस पुष्कळदा पुढे असतो. एकाच वयाच्या दोघांमध्येही इतका फरक असतो की जन्मतारखेवरून कामाची क्षमता ठरवणे म्हणजे आडनावावरून स्वभाव ठरवण्यासारखे आहे.

फिनलंडमध्ये व्यावसायिक आरोग्य संस्थेने नगरपालिकांतील ४५ वर्षांवरील कर्मचाऱ्यांचा १९८१ पासून ११ वर्षे पाठपुरावा केला. युहानी इल्मारिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामातूनच ‘कार्यक्षमता निर्देशांक’ ही पद्धत पुढे आली. वयाबरोबर ज्यांची क्षमता घटण्याऐवजी सुधारली, त्यांच्या बाबतीत वरिष्ठाची वागणूक हा महत्त्वाचा घटक आढळला. आपल्याकडील सुपरवायझरना हे ऐकवावे असे मला नेहमी वाटते.

काम बदलायचे म्हणजे नक्की काय करायचे आणि खर्च किती येतो?

बहुधा मालकाला वाटतो त्यापेक्षा फारच कमी. बाव्हेरियातील डिंगोल्फिंग येथील बीएमडब्ल्यूच्या कारखान्याने २००७ मध्ये एका उत्पादन रांगेवर मुद्दाम असे कामगार नेमले की त्यांचे सरासरी वय ४७ झाले, कारण दहा वर्षांनंतर सर्व कारखान्याचे सरासरी वय तेवढे होणार होते. मग त्या कामगारांनाच विचारून ७० छोटे बदल केले: सिमेंटच्या जमिनीवर लाकडी फरशी, मध्येच टेकायला खुर्च्या, बारीक भागांसाठी भिंगे, संगणकाच्या पडद्यावर मोठी अक्षरे. कार्यशाळांचे वेतन धरून एकूण खर्च सुमारे ४०,००० युरो आला आणि वर्षभरात रांगेची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली.

आपल्याकडे सुरुवात चष्म्यापासून करावी. टूलरूममधल्या माणसाचा वाचायचा चष्मा हातभर अंतरावरच्या वर्तमानपत्रासाठी असतो. व्हर्नियरचे आकडे त्याहून जवळ आणि मशीनचे डायल त्याहून लांब असते, म्हणून तो दिवसभर मान वर-खाली करत राहतो. वर्कबेंचवरचे अंतर टेपने मोजून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितले, तर ते त्या अंतराचा चष्मा देतात. साध्या व्हर्नियरऐवजी मोठ्या आकड्यांचा डिजिटल कॅलिपर आणि बेंचवर वेगळा दिवा, एवढ्यावर माझ्या पाहण्यातल्या एका विभागात मोजमापाच्या चुका उघडपणे कमी झाल्या. गंमत म्हणजे तो दिवा पहिल्यांदा पळवला तो एका पंचविशीतल्या मुलाने.

त्यानंतर जमीन. आठ तास सिमेंटवर उभे राहणाऱ्याचे गुडघे आणि टाचा आधी बोलू लागतात, म्हणून जाड रबरी मॅट आणि टेकायला उंच स्टूल द्यावे. स्टूल दिल्यावर “बसून काम करतो” असा टोमणा कोणी मारणार नाही, हे सुपरवायझरने पाहावे, नाहीतर ते कोपऱ्यात धूळ खात पडते. चक किंवा डाय उचलण्यासाठी चेनपुली वा ट्रॉली हाताशी हवी, तिसऱ्या शेडमध्ये असून उपयोग नाही. रात्रपाळी शक्य असेल तर पूर्ण काढावी. अगदीच शक्य नसेल, तर पाळी सकाळकडून दुपारकडे आणि दुपारकडून रात्रीकडे अशा क्रमाने फिरवावी, उलट दिशेने फिरवू नये, कारण झोप पुढे ढकलणे शरीराला तुलनेने सोपे जाते.

पगार किती द्यावा?

काम तेच असेल तर पगार तोच, हे माझे स्पष्ट मत आहे. काम कमी केले असेल, तर वेळेच्या प्रमाणात पगार कमी करणे रास्त आहे. आठवड्याचे सहा दिवस काम करणारा चार दिवस येऊ लागला, तर दोन तृतीयांश पगार कोणाला खुपत नाही. खुपते ते पाळी तीच, काम तेच आणि केवळ वयाची कात्री लावून पगार निम्मा केला जाणे.

जपानचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तेथील कायद्यानुसार मालकाने निवृत्तीचे वय वाढवावे, ते रद्द करावे किंवा पुनर्नियुक्तीची व्यवस्था ठेवावी. २०१३ पासून इच्छुक कर्मचाऱ्यांना ६५ वर्षांपर्यंत काम देणे बंधनकारक झाले आणि एप्रिल २०२१ पासून ७० पर्यंत संधी देण्याचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य मालकांवर आले. पुष्कळ कंपन्यांनी निवृत्तीचे वय ६० ठेवून, नंतर कमी पगारावर वर्षावर्षाच्या पुनर्नियुक्तीचा मार्ग धरला. नोकरी टिकली, पण त्याच कामाचा पगार घटल्याची तक्रार तेथे न्यायालयापर्यंत गेली. आपल्याकडे तेवढाही कायदा नाही. खाजगी नोकरीत वयावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा सर्वसाधारण कायदा भारतात नसल्यामुळे, जे काही मिळवायचे ते कराराच्या कागदावरच मिळवावे लागते.

सुपरवायझर मुलाच्या वयाचा आहे. हुकूम कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा?

मराठी कारखान्यात हा प्रश्न खरा आहे, कारण ‘काका’ किंवा ‘मामा’ म्हणून हाक मारलेल्या माणसाला उत्पादन कमी का झाले असे विचारताना जीभ अडखळते. मग सुपरवायझर थेट बोलायचे टाळतो, दुसऱ्याकरवी निरोप पाठवतो आणि नात्यात अढी बसते. अनुभवाने सुचते ते असे की हाक काकाच असू द्यावी, पण कामाचा आकडा रोज सगळ्यांसमोर फळ्यावर लिहावा, म्हणजे प्रश्न माणसाला न विचारता आकड्याला विचारता येतो. ज्येष्ठ कामगारानेही “आमच्या वेळी” हे दोन शब्द दिवसातून एकदाच वापरावेत. मीही आता हे पथ्य पाळण्याच्या वयाचा आहे, आणि ते जड जाते.

या वयात सीएनसी किंवा संगणक शिकता येतो का?

येतो, पण शिकवण्याची रीत बदलावी लागते. वर्गात बसवून पडद्यावर स्लाइड दाखवल्या, तर तीस वर्षे लेथ चालवलेला टर्नर मागच्या बाकावर गप्प बसतो, कारण चूक झाली तर पोरांसमोर हसे होईल ही धास्ती असते. त्याच टर्नरला रिकाम्या मशीनवर, त्याला माहीत असलेला एखादा भाग देऊन, एका शिकवणाऱ्याबरोबर बसवले तर फीड आणि कटचे गणित त्याला आधीपासून येत असल्याचे लक्षात येते. नवे असते ते फक्त बटनांचे. सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत मशीनवर चिकटवाव्यात. खरी अडचण कुवतीची नसतेच. ५५ नंतर “आता काय शिकवायचे” म्हणून प्रशिक्षणाच्या यादीतून नाव परस्पर गाळले जाते, आणि मग तीन वर्षांनी त्याला काही येत नाही असे म्हटले जाते.

अपघात किंवा आजारपण आले तर?

वय झालेला कामगार ठेवला म्हणजे नुकसानभरपाईचा धोका अंगावर येईल, अशी भीती मालक बोलून दाखवतात. कायद्याने ही शक्यता गृहीतच धरलेली आहे. कामगार नुकसानभरपाईच्या तक्त्यात शेवटची ओळ ‘६५ किंवा अधिक’ अशी असून तिचा गुणक, म्हणजे भरपाई काढताना वेतनाच्या ठरावीक भागाला ज्याने गुणतात तो आकडा, ९९.३७ आहे, म्हणजे तरुणापेक्षा बराच कमी. १६ वर्षांसाठी तो २२८.५४ आहे. ईएसआयलाही वयाची वरची मर्यादा नाही. वेतन २१,००० रुपयांच्या आत असेल तर विमा चालू राहतो. आणि किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा घेता येते. ही सोय इतकी स्वस्त आहे की पुष्कळांचा त्यावर विश्वास बसत नाही आणि ते अर्जच करत नाहीत.

कंपनीची गट विमा पॉलिसी मात्र नीट वाचावी, कारण तिच्यात ६० किंवा ६५ ला नाव गळण्याची अट असू शकते. वैयक्तिक आरोग्य विमा घेण्यासाठीची ६५ वर्षांची अट विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून काढली आहे, तरी हप्ता जड असतो. सत्तरी पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळते.

म्हातारी माणसे जागा अडवून बसली, तर तरुणांनी काय करायचे?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिक्त जागांवर ७० वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचे ठरवले, तेव्हा डी.एड., बी.एड. होऊन भरतीची वाट पाहणाऱ्या उमेदवारांनी तीव्र नाराजी व्यक्त केली, आणि त्यांचे चुकीचे होते असे मला म्हणवत नाही. जेथे मंजूर पदे मोजकी असतात, तेथे एकाची मुदतवाढ म्हणजे दुसऱ्याची थांबलेली भरती किंवा बढती असते.

खाजगी कारखान्यात पदे अशी गोठलेली नसतात. चांगला टूलमेकर टिकला तर नवी ऑर्डर घेता येते आणि ऑर्डर आली की हाताखाली तीन मुले लागतात. तरीही मुदतवाढीच्या पत्रात शिकवण्याचे काम स्पष्ट लिहावे: कोणाला, काय आणि कधीपर्यंत. काहीजण आपली विद्या मुठीत ठेवतात, आणि शिकवले की आपण नकोसे होऊ ही त्यांची भीती अगदी निराधार नसते. नेमणूक शिकवून होण्याच्या मुदतीहून लांब ठेवली, तरच ती मूठ उघडते.

स्त्री कामगारांसाठी वेगळे काही आहे का?

आहे, आणि ते कारखान्याबाहेर आहे. असेंब्ली, पॅकिंग किंवा कॅन्टीनमधली बाई ५५च्या सुमारास नोकरी सोडते, तेव्हा कारण पुष्कळदा तिची प्रकृती नसून सुनेचे बाळंतपण किंवा सासूचे आजारपण असते. नातवाला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायला चार वाजता घरी पोचता आले, तर ती आणखी पाच-सहा वर्षे आनंदाने काम करते. सकाळी आठ ते तीनची पाळी दिली तर प्रश्न सुटतो. उशिरा नोकरीला लागल्यामुळे पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे कित्येकींची दोन-तीन वर्षांनी कमी पडतात, म्हणून राजीनामा देण्यापूर्वी सेवेची वर्षे मोजून घ्यावीत. हे तिला कोणीतरी सांगायला हवे, आणि बहुधा कोणी सांगत नाही.

नोकरी सुटलीच आहे. नवी कोठे शोधावी?

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ६० वर्षांवरील इच्छुकांसाठी ‘सेक्रेड’ नावाचे नोंदणी संकेतस्थळ सुरू केले. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही आहे. नोंदणी जरूर करावी, परंतु कुशल कामगाराला काम मिळते ते बहुधा ओळखीतून. पूर्वीच्या कारखान्याला माल पुरवणारे छोटे वर्कशॉपवाले, मशीन दुरुस्त करणारे, आयटीआयमधले निदेशक, यांना निवृत्तीपूर्वीच सांगून ठेवावे. कोणकोणत्या मशीनवर आणि कोणत्या मापापर्यंत काम केले आहे, याची एक पानाची यादी मराठीत करून खिशात ठेवावी. ‘३५ वर्षांचा अनुभव’ एवढ्याने समोरच्याला काहीच कळत नाही.

घरचे म्हणतात, आता पुरे झाले. थांबावे कसे?

आधी ते का म्हणतात ते ऐकावे. मुलाला बापाने मशीनवर उभे राहणे कमीपणाचे वाटत असेल, तर तो त्याचा प्रश्न आहे. बायकोला तुमचे रात्रीचे खोकणे ऐकू येत असेल, तर तो तुमचा आहे. एकदम थांबण्याऐवजी सहाचे चार, चाराचे दोन असे दिवस कमी करत जाणे बहुतेकांना मानवते आणि कारखान्यालाही मागचा माणूस तयार करायला वेळ मिळतो. करारात दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना असावी, म्हणजे थांबण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

शिमवाले नाना पुढे तीन वर्षे आठवड्याला दोन दिवस येत होते. सोमवारी पहाटेच्या एसटीने यायचे, मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने परत. पहिल्या वर्षात त्यांनी एका मुलाला हाताशी घेऊन सगळ्या डायच्या शिमांची वही केली, कोणत्या ठोकळ्याखाली, किती जाडीची आणि का. वही पूर्ण झाल्यावर त्यांनी येणे बंद करायचे ठरवले होते. त्या मुलानेच त्यांना आणखी दोन वर्षे थांबवून घेतले, कारण वहीत ठोक्यांचा आवाज लिहिता आला नव्हता.